हात वर न करणारं गाव

चंद्रपूरच्या कॉलेजातून निवृत्त झाले तेव्हा मुलानं हौसेनं दारावर पाटी लावून दिली. वर माझं नाव, खाली 'मानववंशशास्त्रज्ञ'. अक्षर चांगलं ठळक होतं. पाटीला महिना होतो न होतो तोच माजरीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीतून एक नवरा-बायको आले. चपला बाहेर काढल्या, पाणी प्यायले, उन्हाबद्दल बोलले. मग नवऱ्यानं घसा साफ करून सांगितलं की लग्नाला बरीच वर्षं झाली, नागपूरपर्यंतचे डॉक्टर झाले, पण वंश काही पुढे सरकत नाही. पाटीवर 'वंश' पण दिसला आणि 'शास्त्र' पण दिसलं, म्हणून जिना चढून आले होते.

मी म्हटलं, मी त्यातली नाही. बायकोनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, "मग पाटी काऊन लावली?"

प्रश्न रास्त होता. पाटी त्याच संध्याकाळी उतरवली. पण निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या कामाबद्दल सरळ प्रश्न विचारला होता, आणि मला त्याचं उत्तर देता आलं नव्हतं. ते आता इथे देऊन पाहते.

आमचा धंदा सोपा आहे. माणसांचा एखादा समाज कसा जगतो, काय खातो, कोणाशी बोलतो, कोणाला वाळीत टाकतो, हे त्यांच्यात राहून पाहायचं. हा झाला पहिला भाग, त्याला अभ्यास म्हणतात. मग जे पाहिलं ते तहसीलदाराला, नर्सबाईंना, मास्तरांना, वनरक्षकाला समजेल असं सांगायचं. आणि त्यांचं म्हणणं परत त्या समाजाला सांगायचं. हा दुसरा भाग, त्याला लुडबूड म्हणतात. मी नोकरी पहिल्या भागाची केली आणि आयुष्य दुसऱ्यात घालवलं. माझा विषय होता छोट्या जातीजमातींमधली अपंग माणसं. म्हणजे समाजानं आधीच कडेला बसवलेले लोक, आणि त्यांनी आपल्यातलं जे माणूस आणखी कडेला बसवलं ते. त्या माणसापर्यंत जायला चंद्रपूर-गडचिरोली दोन्ही जिल्ह्यांत रस्ता क्वचितच होता.

मी सुरुवात केली तेव्हा शब्द 'अपंग' होता. मग तो 'विकलांग' झाला, मग 'दिव्यांग'. प्रत्येक वेळी सरकारनं शब्द बदलला, मी माझं भाषण बदललं, आणि रस्ता तोच राहिला.

भाषणं खूप केली. दिव्यांग दिन जवळ आला की माझा भाव वाढायचा. एका तालुक्याच्या गावी सत्कार होता. सत्कारमूर्ती शंकरभाऊ, दोन्ही पाय पोलिओनं गेलेले, सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारे. स्टेज माणसाच्या छातीएवढं उंच. चार कार्यकर्त्यांनी शंकरभाऊंना खुर्चीसकट उचलून वर ठेवलं, टाळ्या झाल्या, शाल झाली, 'समाजानं यांना मुख्य प्रवाहात आणलं पाहिजे' हे माझ्यासकट पाच जणांचं बोलून झालं. मग निवेदकानं अल्पोपाहाराची घोषणा केली आणि मुख्य प्रवाह समोशांकडे गेला. आम्ही खाली खातो आहोत, तर वरून आवाज आला, "का हो, मले उतरवता का पुढच्या वर्षीसाठी इथीच ठेवता?" त्यानंतर मी स्टेजवर चढून बोलणं बंद केलं. खाली उभी राहून बोलायची. आयोजकांना वाटायचं, बाई फार साध्या आहेत.

दुसरा किस्सा गडचिरोलीतल्या आतल्या रानातला. गोंडांचं छोटं गाव. माझ्याबरोबर एक उत्साही अधिकारी होते. त्यांना गावातले दिव्यांग मोजायचे होते. गावच्या पाटलाला विचारलं, इथे किती आहेत. पाटील म्हणाला, एकही नाही. समोरच अंगणात वाकड्या पायाचा एक माणूस बांबूची टोपली विणत होता, आणि त्याच्या शेजारी दोन्ही डोळ्यांनी न दिसणारी म्हातारी मोहफुलं निवडत होती, बोटांनी चाचपून. अधिकाऱ्यांनी तिकडे बोट केलं. पाटील म्हणाला, तो तर मासू आहे, अन् ती त्याची आजी.

ही गोष्ट मी शहरात सांगितली की लोक माना डोलवायचे. किती थोर संस्कृती! रानातली माणसं देवमाणसं असतात अशी शहरात समजूत आहे, आणि तिला धक्का लावलेला कोणाला आवडत नाही. म्हणून मी लगेच पुढचं सांगायची. त्याच गावात फिट येणाऱ्या एका मुलीला विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, आणि न देणारा तोच पाटील होता. माणसं म्हटली की दोन्ही असतं. नागभीडला शिक्षकांपुढे हे सांगितलं तेव्हा आभारप्रदर्शन करणाऱ्यानं फक्त पहिल्या अर्ध्या भागाचे आभार मानले.

आता ज्या सभेसाठी हे लिहायला बसले, तिच्याकडे येते.

सावली तालुक्यात एका मामा तलावाच्या काठी ढिवरांचं गाव आहे. मामा तलाव म्हणजे कोणाच्या मामाचा नव्हे. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या जमीनदारांचा, लोकांनी त्याचं 'मामा' केलं. गावाची धानशेती त्याच्या पाण्यावर आणि ढिवरांची घरं त्यातल्या माशांवर चालतात. तलावाची मच्छीमार संस्था आहे. जो संस्थेचा सभासद, त्याचं जाळं पाण्यात पडणार. एका घराला एक सभासदत्व.

इथे मोठं ओढजाळ दोन बाजूंनी ओढतात. एकजण या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, दोर धरून, दुसरा त्या पाळीवर. मध्ये एवढं पाणी की हाक पोचत नाही, आणि पोचली तरी ओरडण्यानं मासा खाली बसतो असं तिथे सगळे मानतात. म्हणून ढिवर पाण्यावर हातानं बोलतात. मूठ वळून पोटाकडे आणली की 'ओढ'. पंजा उघडा करून वर धरला की 'थांब'. पंजा खाली दाबला की 'सैल सोड'. अशा बऱ्याच खुणा आहेत, आजोबा-पणजोबांपासूनच्या.

याच गावात वच्छला होती. लहानपणी तापात तिचे कान गेले आणि बोलणं यायच्या आधीच थांबलं. दुसऱ्या एखाद्या गावात ती घराच्या मागच्या दारी बसली असती. इथे बापानं तिला दोराच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं. पाण्यावरच्या खुणा तिला आल्या, मग त्या पाण्यावरून घरात आल्या, घरातून गल्लीत आल्या, आणि काही वर्षांत सगळं गाव हातानं बोलायला लागलं. 'ओढ'चं झालं 'हो, बरं, ये, आण, माझं'. 'थांब'चं झालं 'नको, जा, बस कर', पण तेही लांबच्यालाच. किराणा दुकानदार तिच्याशी उधारीवरून हातानं भांडायचा. बाया पाणी भरताना चुगल्या हातानं करायच्या, कारण त्या सासूला ऐकू जात नाहीत. मी तिथे राहून हे सगळं शिकले तेव्हा पहिले काही दिवस मला गावभर मच्छर झाले आहेत असं वाटायचं.

एक रीत मात्र कडक होती. 'थांब'चा पंजा तलावाच्या किंवा गल्लीच्या पलीकडच्या माणसाला दाखवायचा. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर पंजा धरायचा नाही. ते घालवून देणं झालं. कुत्र्यालासुद्धा तसं करत नाहीत, त्याला 'हाड' म्हणतात. समोरच्या माणसाला नको म्हणायचं तर नुसती मान हलवतात.

वच्छलाचं लग्न झालं होतं, गडचिरोलीकडे. टिकलं नाही. काऊन आलीस परत, असं मी एकदा विचारलं होतं. सासरच्यांनी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. तिनं दोन्ही हात मांडीवर पालथे टाकून दाखवले, मेल्यासारखे. तिथे कोणाचे हात बोलत नव्हते. एवढंच कारण, आणि मला ते पुरेसं वाटलं.

बाप थकला तेव्हा त्याच्या बाजूचा दोर रामदासनं घेतला. रामदास तिच्या काकाचा मुलगा. रामदासच्या घरचं सभासदत्व त्याच्या मोठ्या भावाकडे गेलं, म्हणून हा चुलत्याच्या जाळ्यावर राबायचा. वच्छला एका पाळीवर, रामदास दुसऱ्या पाळीवर, अशी कित्येक वर्षं गेली. मग बाप वारला, आणि त्याची सभासदाची जागा मोकळी झाली.

जागा लेकीची. पण रामदासनं संस्थेत हरकत घेतली. त्याचं म्हणणं असं: ही बाईमाणूस, त्यात ऐकू येत नाई. सभेत बसून काय समजन? सही करन तर कशावर करन? उद्या कोनी फसवलं तर? जागा मले द्या, तिले मी पोसतो. रामदास वाईट माणूस नव्हता, हे मला इथे नोंदवायचं आहे. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या जाळ्याचा दोर ओढून त्याचे हात सोलवटले होते, आणि त्याला एकदा तरी स्वतःच्या नावावर पाण्यात उतरायचं होतं.

वच्छलासमोर काय वाढून ठेवलं होतं तेही सगळ्यांना ठाऊक होतं. सभासद नाही म्हणजे पाण्यावर हक्क नाही. रामदास आज पोसेल. रामदासची बायको किती दिवस पोसू देईल, हा वेगळा विषय. चंद्रपूरला एक लांबची मावशी होती, तिच्याकडे पाठवून चार घरची धुणीभांडी लावून द्यायची, असं नातेवाइकांत बोलणं सुरू झालं होतं. पुन्हा एकदा हात न बोलणारं गाव, आणि या वेळी परतीला घर नाही.

मोबाईल आल्यापासून वच्छला मला व्हिडिओ कॉल करायची. तिचा कॉल म्हणजे बराच वेळ कपाळ दिसतं, मग छत दिसतं, मग हात. त्या दिवशी हातांनी सांगितलं: तलाव, माझा, रामदास, थांब. आणि मग मूठ पोटाशी: ये.

मी गेले.

हरकत आली म्हणून सहकार खात्यानं सभेला एक साहेब पाठवले होते. साताऱ्याकडून नुकतेच बदलून आलेले, सरळ, नियमानं चालणारे, पाण्याची बाटली घरून आणणारे. मला पाहून त्यांना हायसं वाटलं. म्हणाले, "मॅडम, मी जे बोलेन ते तुम्ही त्यांना खुणांनी सांगायचं. म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की त्यांना कळलं नाही." मी बरं म्हटलं. माझ्या सगळ्या नोकरीत इतकं स्पष्ट काम मला कोणी दिलं नव्हतं.

समाजमंदिरात दुपारी सभा भरली. दौलतभाऊ संस्थेचे अध्यक्ष, वयानं सगळ्यांत मोठे, अध्यक्षस्थानी. सभासद सतरंजीवर. वच्छला अगदी पुढे, नवं लुगडं नेसून, सगळ्यांकडे तोंड करून बसलेली, म्हणजे सगळ्यांचे हात तिला दिसावेत. ती इतकी ताठ बसली होती की माझीच पाठ दुखायला लागली.

साहेबांनी विषय वाचला. मयत सभासदाच्या जागी त्यांची कन्या वच्छला हिला घ्यावे काय. मग म्हणाले, "बाजूने असलेल्यांनी हात वर करा."

आता एक सांगायला हवं. या संस्थेत हात वर करून मतदान कधी झालंच नव्हतं. ठराव वाचायचा, कोणीतरी 'मंजूर' म्हणायचं, सगळ्यांनी 'मंजूर, मंजूर' करायचं आणि चहा प्यायचा. शिवाय आपल्या भाषेत हात वर करणं म्हणजे जबाबदारी झटकणं. पण खरी अडचण ती नव्हती. अडचण ही की वच्छला समोर बसली होती.

साहेबांचं वाक्य संपलं आणि मी ते तिच्यासाठी हातानं सांगितलं: तू, बापाची जागा, तलाव, हो कोण म्हणतं? सगळ्यांनी माझे हात पाहिले. आणि मग सतरंजीवरच्या माणसांनी, एकामागून एक, मूठ वळून पोटाकडे आणली. ओढ. हो. दौलतभाऊंनी आणली, दुकानदारानं आणली, मागे भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्यांनी आणली. वच्छलाचं तोंड उजळलं.

साहेबांनी सभेकडे नजर फिरवली. कोणाचाही हात वर नव्हता. काही लोक पोट खाजवत होते. साहेबांनी लिहिलं: बाजूने शून्य.

मी म्हटलं, "साहेब, जरा..." पण ते नियमाच्या लयीत होते. म्हणाले, "विरोधात असलेल्यांनी हात वर करा."

सगळ्यांच्या नजरा रामदासकडे गेल्या. तो एका खांबाला टेकून बसला होता. सभासद नसला तरी हरकतदार म्हणून विरोध करायलाच तो आला होता. पण हात वर करायचा म्हणजे वच्छलाच्या तोंडावर पंजा धरायचा. त्यानं मान खाली घातली, हात मांडीखाली घातले. हात वर झाला नाही.

वच्छलाला मात्र काहीतरी बिनसल्याचं दिसलं होतं. इतक्या मुठी पोटाशी आल्या, मग साहेबाची लेखणी एवढ्यात का थांबली? तिनं मान लांब करून कागद पाहिला. तिला आकडे येत होते. शून्य दिसलं. तिनं पंजा वर केला, माणसावर नव्हे, कागदावर: थांब.

साहेबांनी लिहिलं: विरोधात एक. मग कोण ते पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की ठराव एका मतानं फेटाळला गेला असून ते मत खुद्द वारसाचं आहे. ते बाटलीतलं पाणी प्यायले. "मॅडम," ते म्हणाले, "हा काय प्रकार आहे?"

मी सांगितला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत छोटं आणि बहुतेक सगळ्यांत चांगलं व्याख्यान ते. पोट, मूठ, पंजा, पाणी, पाळ. साहेबांनी लक्ष देऊन ऐकलं. माणूस खरोखर चांगला होता. सगळं ऐकून म्हणाले, "मला पटलं. पण नियमात हात वर असं म्हटलं आहे."

दौलतभाऊंनी विचारलं, "किती वर? मांडीवरून पोटापर्यंत आला, तो वरच आला ना."

साहेबांनी यावर विचार केला, हे मी स्वतः पाहिलं. मग त्यांनी मार्ग काढला. वच्छलाबाईंनी पाच मिनिटं बाहेर जाऊन बसावं, म्हणजे कोणाला संकोच वाटणार नाही, आणि सगळे मोकळेपणानं हात वर करतील.

मला तो मार्ग सोयीचा वाटला. हे दौलतभाऊंना सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "बाई, तिचीच गोष्ट अन् तिलेच बाहेर? जो समोर नाई त्याची गोष्ट आमी तेरवीले करतो. ही जित्ती हाय."

तेरवीचं, म्हणजे तेराव्याचं, नाव निघाल्यावर साहेबांनीही तो मार्ग सोडला. शेवटी ठरलं की नावानिशी तोंडी मत घ्यायचं. साहेब नाव पुकारतील, सभासद 'हो' किंवा 'नाही' म्हणेल, मी ते वच्छलाला हातानं सांगेन. रामदास सभासद नव्हता, पण हरकत त्याची होती, म्हणून त्याचंही म्हणणं शेवटी नोंदवायचं.

नावं सुरू झाली. प्रत्येकजण तोंडानं 'हो' म्हणायचा आणि तेव्हाच मूठ पोटाकडे न्यायचा. मला काही सांगावंच लागत नव्हतं. मी नुसती बसून होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं. ते मी ऐन सभेत पदरानं पुसलं. अभ्यासकानं असं करायचं नसतं, पण आता मी निवृत्त आहे.

मग साहेबांनी रामदासचं नाव घेतलं.

रामदास उभा राहिला. तोंडानं म्हणाला, "नाई." स्पष्ट म्हणाला, सगळ्यांनी ऐकलं. आणि त्याच क्षणी त्याचा उजवा हात मांडीवरून उठला, मूठ वळली आणि पोटाकडे आली.

साहेब लिहीत होते, त्यांनी फक्त ऐकलं. बाकी सगळ्यांनी ऐकलंही होतं आणि पाहिलंही होतं. आता माझं काम होतं की रामदासचं उत्तर वच्छलाला सांगायचं. कोणतं सांगायचं? मी हात उचलला, पण ती माझ्याकडे पाहतच नव्हती. ती रामदासच्या तोंडाकडे पाहत होती. माझ्या लक्षात आलं की ज्या माणसाला ऐकू येत नाही, त्याला ओठांवरचा एक शब्द सगळ्यांत आधी वाचता येतो, कारण तोच त्याला सगळ्यांत जास्त वेळा मिळालेला असतो. ती 'नाई' वाचू शकत होती. जन्मभर वाचत आली होती.

साहेबांनी निकाल सांगितला. वच्छलाला सभासद करून घेण्यात येत आहे, एका व्यक्तीची हरकत नोंदवून. लोकांनी सवयीनं 'मंजूर, मंजूर' केलं आणि चहा आला.

चहा बाहेर, पाळीवर. तिथेच वच्छलाचं जाळं वाळत घातलेलं होतं, दोराची दोन्ही टोकं दगडाखाली दाबलेली. रामदास बाजूला उभा राहून पाण्याकडे पाहत होता. निघून जावं तर सगळे पाहतात, थांबावं तर सगळे पाहतात, अशी त्याची गत झाली होती.

वच्छला लोकांमधून चालत त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिनं एक बोट त्याच्या ओठांवर टेकवलं. मग हात मागे घेतला, पंजा उघडला, आणि त्याच्या तोंडासमोर धरला. तलावाच्या पलीकडून नव्हे, नाकापासून वीतभर अंतरावर.

गावात कोणी कोणाला असं केलेलं मी पाहिलं नव्हतं. बायांनी पदर तोंडाला लावले. रामदास मागे सरला नाही. तसाच उभा राहिला, मान खाली घालून, तिच्या पंजासमोर.

साहेब चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आले आणि हळूच विचारलं, "आता काय म्हणतायत त्या?"

मी म्हटलं, "थांब म्हणते."

"किती वेळ?"

"ते तिनं अजून सांगितलं नाही."

साहेबही मग थांबले. चहा निवला. वच्छलाचा हात दुखत असणार, पण तो हलत नव्हता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण पुसायला हात खाली आणावा लागला असता.

रामदास शेवटी बोलला. मान वर न करता, तिच्याशी नव्हे, माझ्याशी. "बाई, तोंडानं नाई म्हणाचं ठरवूनच आलतो. थ्या हाताले कोनं सांगतलं, मले माहीत नाई."

हे मी तिला सांगायला हात उचलले. तिनं मान हलवून मला थांबवलं. तिला माझी गरज नव्हती, सभेतली त्याची मूठ तिनंही पाहिली होती. तिनं रामदासच्या उजव्या हाताकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मग तिचा पंजा सावकाश मिटला, मूठ झाली आणि तिच्या पोटाकडे आली.

ती वळली, दगडाखालून दोराचं एक टोक काढलं आणि पलीकडच्या पाळीकडे चालायला लागली. रामदासनं डोळे पुसले आणि दुसरं टोक उचललं.

"आणि आता?" साहेबांनी विचारलं.

मी म्हटलं, "आता ओढ म्हणते."